उड्डाणतासांचा हिशेब

मुंबईच्या जुहू विमानतळाच्या कुंपणाशी सकाळच्या वेळी थोडे थांबले, म्हणजे एक दृश्य हटकून नजरेस पडते. एकामागून एक हेलिकॉप्टरे जमिनीपासून पुरुषभर उंच उचलली जातात, क्षणभर अधांतरी स्थिर राहतात, आणि मग नाक किंचित खाली करून समुद्राच्या दिशेने निघून जातात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान याच मैदानावर उतरविले होते. पुढे मोठी विमाने सांताक्रूझला गेली आणि जुहू मुख्यत्वे हेलिकॉप्टरांच्या वाट्याला आले. १९७४ मध्ये ज्याचा शोध लागला, त्या बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, कामगारांची आणि अभियंत्यांची ने-आण या हेलिकॉप्टरांतून होते. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात त्याच क्षणी ठरून जाते की, आपणही हेच करावयाचे. घरी गोष्ट निघाली की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "खर्च किती?" प्रश्न रास्त आहे, परंतु तो अपुरा आहे. हा खर्च नेमका कशाचा, आणि तो केल्यावर हाती जे पडते त्याला बाजारात काय किंमत आहे, हे दोन प्रश्न त्याला जोडल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही.

वैद्यकाचे अथवा अभियांत्रिकीचे शिक्षण वर्षांत मोजतात. वैमानिकाचे शिक्षण तासांत मोजले जाते. भारतीय नियमांप्रमाणे साध्या, म्हणजे स्थिर पंखांच्या विमानाचा व्यावसायिक परवाना मिळण्यास २०० तासांचे उड्डाण लागते. हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्यास १५० तास पुरतात. हा आकडा ऐकून हेलिकॉप्टरचे शिक्षण स्वस्त असावे असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. तास कमी असले तरी प्रत्येक तास महाग आहे, आणि तो का महाग आहे हे एकदा समजले म्हणजे या विद्येच्या अर्थकारणातील निम्मे कोडे उलगडते.

जगभर विद्यार्थ्यांच्या हाती सर्वाधिक दिसणारे शिकाऊ हेलिकॉप्टर म्हणजे अमेरिकेतील रॉबिन्सन कंपनीचे आर-२२. दोन माणसांचे, लहानशा पिस्टन इंजिनाचे हे यंत्र ऑगस्ट १९७५ मध्ये प्रथम उडाले आणि १९७९ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. ते २,२०० तास उडाले किंवा बारा वर्षांचे झाले, यांपैकी जे आधी घडेल त्या वेळी, ते सबंध उकलून त्याची पुनर्बांधणी करावी लागते. फिरती पाती, दंतचक्रांच्या पेट्या, कणा म्हणावा असा उभा दांडा, हे भाग बाहेरून चकचकीत दिसत असले तरी त्यांचे आयुष्य कागदावर आधीच संपलेले असते. साध्या विमानाचा पंख ठिकाणावर असतो. हेलिकॉप्टरचा पंख मिनिटाला पाचशे फेरे घेत असतो, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक धातूवर ताण येत असतो. म्हणून विद्यार्थी जो पैसा भरतो त्यात इंधन आणि शिक्षकाचा मेहनताना हा एक भाग; उरलेला मोठा भाग त्या यंत्राच्या खर्ची पडणाऱ्या आयुष्याची किंमत असतो.

येथेच एक साधे गणित मांडून पाहण्याजोगे आहे. एका विद्यार्थ्याला १५० तास लागतात. पंधरा विद्यार्थ्यांना २,२५० तास होतात. म्हणजे एका आर-२२ चे एका पुनर्बांधणीपासून दुसरीपर्यंतचे सारे आयुष्य वेचले, तरी त्यात पंधरा विद्यार्थीही पुरते तयार होत नाहीत! एखाद्या संस्थेत दोन हेलिकॉप्टरे आणि साठ विद्यार्थी असतील, तर माहितीपत्रकातील 'बारा महिन्यांत परवाना' या वाक्याला किती अर्थ आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. संस्था पाहावयास जाणाऱ्याने इमारत, गणवेश आणि भिंतीवरची छायाचित्रे यांकडे थोडे दुर्लक्ष केले तरी चालेल. आज उडण्याजोगी यंत्रे किती, कार्यशाळेत उघडून ठेवलेली किती, आणि गेल्या वर्षी परवाना घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी किती, एवढे विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मोघम आली, तर ते मोघमपण हेच उत्तर समजावे.

आता त्या १५० तासांत शिकावयाचे ते काय? डाव्या हाताशी एक तरफ असते. ती वर उचलली की सर्व पात्यांचा कल एकदम वाढतो आणि यंत्र वर जाते. उजव्या हातातील दांड्याने फिरत्या पात्यांची सबंध तबकडी पुढे, मागे वा बाजूला कलते. पायांशी असलेल्या पायट्यांनी शेपटीकडचा छोटा पंखा आवरावयाचा, नाहीतर यंत्र स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागते. यांतले एक हलविले की बाकीची दोन बिघडतात. त्यामुळे नुसते एका जागी अधांतरी स्थिर राहणे ही सुरुवातीच्या दिवसांतली सर्वांत जिकिरीची विद्या ठरते. पहिल्या काही तासांत विद्यार्थी घामाघूम होतो, यंत्र झोके खाते, आणि मग एका सकाळी काहीही विशेष न करता ते जागच्या जागी थांबते. सायकल शिकताना असेच होते. फरक इतकाच की येथे प्रत्येक झोक्याचे पैसे मोजावे लागतात.

परंतु शिक्षकाची खरी पारख होते ती दुसऱ्या एका पाठात. इंजिन बंद पडले तर हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. माधवीलतेचे पंख असलेले फळ झाडावरून सुटले की ते गरगर फिरत संथपणे खाली येते. इंजिन थांबताच वैमानिकाने डाव्या हाताची तरफ खाली दाबली, तर खालून वर येणारी हवा पात्यांना तसेच फिरते ठेवते, आणि जमिनीजवळ आल्यावर त्या साठलेल्या फिरकीचा उपयोग करून यंत्र अलगद टेकविता येते. मात्र ही तरफ दाबण्यास हलक्या पात्यांच्या आर-२२ मध्ये एखाद्या सेकंदाचाच अवकाश मिळतो. तेवढ्यात हात हलला नाही, तर पात्यांची गती इतकी उतरते की ती पुन्हा आणणे कोणालाही शक्य नसते.

आर-२२ हे यंत्र त्याच्या कर्त्याने मुळात खासगी मालकांसाठी योजले होते. स्वस्त म्हणून शाळांनी ते उचलले आणि नवशिक्यांचे अपघात वाढले. अखेर १९९५ मध्ये अमेरिकेच्या विमानचालन खात्याने या यंत्रासाठी स्वतंत्र नियम केला : शिक्षकाबरोबर किमान वीस तास झाल्यावाचून विद्यार्थ्याने आर-२२ एकट्याने उडवू नये. यातून काढावयाचा अर्थ असा नव्हे की ते यंत्र वाईट आहे. हजारो वैमानिक त्यावरच घडले आहेत. अर्थ एवढाच की, यंत्र जितके स्वस्त, तितका शिक्षक अधिक कसलेला हवा. जेथे यंत्रही स्वस्त आणि शिक्षकही कालच परवाना मिळालेला, तेथे वाचलेल्या पैशाचा हिशेब निराळ्याच वहीत मांडावा लागतो.

भारतात हे शिक्षण कोठे मिळते? महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, नागपूर या ठिकाणी विमानचालनाचे शिक्षण मिळाले आहे, परंतु ते स्थिर पंखांच्या विमानांचे. हेलिकॉप्टर शिकविणाऱ्या नागरी संस्था सबंध देशात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची रोटरी विंग अकादमी हे त्यांतील परिचित नाव. कोणत्या संस्थेची मान्यता चालू आहे हे नागरी विमानचालन महासंचालनालयाच्या यादीत पाहावे. संस्थेच्या फलकावर विसंबू नये. देशात शिकण्याचा एक लाभ असा की मान्यताप्राप्त संस्थेतील उड्डाणशिक्षणावर वस्तू व सेवा कर लागू नाही, असा खुलासा सप्टेंबर २०२४ मध्ये त्या कराच्या परिषदेने केला आहे. तरीही जागा थोड्या आणि प्रतीक्षा लांब, म्हणून पुष्कळांची पावले अमेरिकेकडे वळतात.

अमेरिकेत शिक्षकासह आर-२२ चा तास ४०० डॉलरांचा धरला, तर १५० तासांचे ६०,००० डॉलर होतात. डॉलरचा भाव ९० रुपये धरला तर हे ५४ लाख रुपये. राहणे, खाणे, प्रवास, परीक्षा यांचा खर्च त्यावर निराळा. परत आल्यावर भारतीय हवाई नियमांची परीक्षा द्यावी लागते आणि तेथील परवान्याचे येथील परवान्यात रूपांतर करून घ्यावे लागते. एवढे सारे पार पडले म्हणजे तरुणाच्या हाती परवाना येतो. घरी पेढे वाटले जातात. आणि पुष्कळदा खरी अडचण त्या पेढ्यांनंतर सुरू होते.

कारण परवाना ही उडण्याची परवानगी आहे; नोकरी देणारा मात्र अनुभव विकत घेत असतो. अमेरिकेत प्रवासी पर्यटन किंवा समुद्रातील तेलक्षेत्रे यांकडे पहिली नोकरी मिळावयाची तर साधारणतः १,००० तासांच्या अनुभवाची अपेक्षा असते. १५० आणि १,००० यांमधील दरी पैसे देऊन भरून काढणे कोणालाच परवडण्याजोगे नाही. तेथील तरुण ती निराळ्या रीतीने ओलांडतो : तो स्वतः शिक्षकाचा परवाना घेतो, नव्या विद्यार्थ्यांना शिकवितो, आणि त्यांच्या पैशावर आपले तास वाढवितो. व्यवस्था चतुर आहे, पण तिचा दरवाजा परदेशी विद्यार्थ्याला फारसा उघडा नाही. व्यावसायिक शिक्षणासाठी तेथे जो व्हिसा मिळतो त्यावर शिक्षण संपल्यानंतर प्रात्यक्षिक कामाची मुभा दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि तीही अधिकाधिक सहा महिने, एवढीच असते. पूर्वी विद्यार्थ्यांना दोन वर्षांपर्यंत राहून शिकविता येईल अशी आणखी एक सवलत होती. २०१० मध्ये ती बंद झाली. त्यामुळे मराठवाड्यातील एखादा मुलगा आणि टेक्सासमधील एखादा मुलगा एकाच शाळेत, एकाच यंत्रावर शिकले, तरी त्यांनी विकत घेतलेली वस्तू एकच नसते. दुसऱ्याच्या पुढे शिडीची पुढची पायरी असते. पहिला विमानात बसून घरी येतो.

घरी आल्यावर त्याला काय दिसते? आपल्या देशात हेलिकॉप्टरांचे नागरी काम मुख्यतः तेलक्षेत्रे, हिमालयातील तीर्थयात्रा, राज्य सरकारे आणि मोठ्या उद्योगगृहांचे खासगी प्रवास यांत विभागलेले आहे. केदारनाथसारख्या ठिकाणी ये-जा करणारी हेलिकॉप्टरे एका इंजिनाची आणि एकाच वैमानिकाची. तेथे सहवैमानिकाचे आसनच नसल्याने नवशिक्याला बसावयाचे कोठे? शिवाय ती दरी, ते धुके आणि ती विरळ हवा अनुभवी माणसालाही चुकीची मुभा देत नाही. राहता राहिली समुद्रावरची दोन इंजिनांची, दोन वैमानिकांची हेलिकॉप्टरे. नवख्या माणसाला सहवैमानिक म्हणून शिरकाव मिळण्याचा संभव तेथेच अधिक. परंतु त्या प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते, आणि आर-२२ वरचा वैमानिक तेवढ्याने त्यात बसू शकत नाही. ही नोंद मिळविण्याचे शिक्षण टर्बाइन इंजिनाच्या यंत्रावर घ्यावयाचे असल्याने त्याचा तास आर-२२ च्या कितीतरी पट महाग. काही वेळा नोकरी देणारा तो खर्च उचलतो, काही वेळा उमेदवारालाच उचलावा लागतो. म्हणून संस्थेची निवड करण्यापूर्वीच, परवान्यानंतरच्या या खर्चाची तजवीज वेगळी काढून ठेवली पाहिजे. सर्व रक्कम पहिल्या १५० तासांत संपविणे म्हणजे अर्ध्या नदीपर्यंत पूल बांधण्यासारखे आहे.

पैसे किती भरावयाचे याइतकाच ते कसे भरावयाचे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या बाबतीत अमेरिकेतील एक प्रकरण विसरण्याजोगे नाही. सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही नेव्हाडा राज्यातील कंपनी १९९९ मध्ये निघाली आणि पाहता पाहता तिने अनेक राज्यांत शाखा उघडल्या. मोठमोठी सभागृहे घेऊन ती व्याख्याने ठेवी, हेलिकॉप्टर प्रत्यक्ष आणून दाखवी, आणि वैमानिकांची टंचाई येणार असल्याचे सांगे. सबंध शिक्षणाचे शुल्क सुमारे ७०,००० डॉलर. ते कर्जाने उभे करण्याची सोयही तेथेच. बँकेचा पैसा विद्यार्थ्याच्या नावावर निघे आणि शाळेच्या हाती जाई. ३ फेब्रुवारी २००८ रोजी, रविवारी, कंपनीने आपले काम एकाएकी बंद केले आणि दिवाळखोरीचा अर्ज केला. अडीच हजारांहून अधिक विद्यार्थी अर्धवट शिक्षणासह रस्त्यावर आले. कोणाचे चाळीस तास झाले होते, कोणाचे नव्वद. परवाना मात्र हाती नव्हता. शाळा नाहीशी झाली, कर्ज उरले. पुढे काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी प्रयत्न करून काहींना कर्जात सवलत मिळवून दिली; पण ज्या वयात तास मिळवावयाचे ते वय तारखा मोजण्यात गेले.

या प्रकरणात यंत्रे खोटी नव्हती, शिक्षकही खोटे नव्हते. चूक होती ती उद्याचे तास आज विकत घेण्यात. ज्या तासाचे उड्डाण झाले त्याचेच पैसे देणे, किंवा फार तर थोडक्या तासांचे आगाऊ भरणे, हा या व्यवहारातील सुरक्षित मार्ग होय. सगळी रक्कम एकदम भरल्यास दहा टक्के सूट, असे आमिष पुष्कळ ठिकाणी दाखविले जाते. ही सूट म्हणजे विद्यार्थ्याने शाळेला दिलेल्या बिनतारणी कर्जाचे व्याज आहे असे समजावे, आणि मग अशा अनोळखी ऋणकोला आपण पन्नास लाख रुपये दिले असते काय, हे स्वतःला विचारावे. शिक्षण मध्येच सोडावे लागले तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी नसेल तर ती परत मिळणार नाही असेच गृहीत धरलेले बरे.

आपल्याकडील बँकांच्या संघटनेने जी नमुनादाखल शैक्षणिक कर्जयोजना आखली आहे, तीत वैमानिकाचे शिक्षण बसते. अट अशी की त्याला विमानचालन खात्याची मान्यता हवी. साडेसात लाखांवरील कर्जास तारण लागते. मध्यमवर्गीय घरात तारण म्हणजे बहुधा राहते घर. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, हा त्यातला कळीचा मुद्दा. अन्य शिक्षणात वर्षभराची ही सवड पुरेशी ठरते. येथे मात्र परवाना आणि पहिली नोकरी यांमध्ये दोनतीन वर्षे जाणे मुळीच नवलाचे नाही. ६० लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर दरमहाचा हप्ता सुमारे ७९ हजार रुपये येतो. पंधरा वर्षांची मुदत घेतली तरी तो ६४ हजारांच्या खाली उतरत नाही. नोकरी नसलेल्या दोन वर्षांत हा हप्ता कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर घरातील सर्वांनी एकत्र बसून, मुलासमक्ष द्यावे. उत्तर सापडले नाही तर कर्ज काढू नये. वडिलांची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हे उत्तर नव्हे.

ज्याला घरच्या पैशाचा आधार नाही त्याला मार्गच नाही, असे मात्र नाही. आपल्या देशात नागरी हेलिकॉप्टरे चालविणाऱ्यांत सैन्यदलांतून आलेल्यांचे प्रमाण फार मोठे आहे, आणि त्याचे कारण या साऱ्या हिशेबात दडलेले आहे. हवाई दलाचा उमेदवार दुंडिगल येथे प्राथमिक उड्डाण शिकतो, आणि हेलिकॉप्टरांसाठी निवडला गेला तर हैदराबादजवळच्या हकीमपेटला जातो. लष्कराचे वैमानिक आपल्या नाशिकच्या शिक्षणकेंद्रात तयार होतात. २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक याच केंद्रातून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर-वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. येथे तासाला पैसे मोजावे लागत नाहीत. उलट पगार मिळतो. त्याच्या बदल्यात आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे द्यावी लागतात. हवाई दलातील उड्डाणशाखेचे अल्प मुदतीचे म्हणविले जाणारे नेमणूकपत्रसुद्धा चौदा वर्षांचे असते. त्यानंतर बाहेर पडणारा माणूस चाळिशीच्या आतला असतो, आणि त्याच्या नोंदवहीत अशी उड्डाणे असतात की जी कोणत्याही शाळेत विकत मिळत नाहीत.

अर्थात सेवा ही केवळ फुकट शिक्षणाची युक्ती समजून कोणी तेथे जाऊ नये. निवडमंडळापुढे असा उमेदवार फार वेळ टिकतही नाही. शिवाय हेलिकॉप्टरच मिळेल याची हमी तेथे कोणी देत नाही. पण या मार्गाला वयाची कडी आहे, आणि ती लवकर बंद होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. पदवीनंतर हवाई दलाच्या प्रवेशपरीक्षेतून उड्डाणशाखेत जावयाचे तर वीस ते चोवीस. चालू व्यावसायिक परवाना असलेल्याला सव्विसापर्यंत सवलत मिळते. नागरी शिक्षण पंचविशीत, तिशीतही घेता येते. म्हणून ज्याचे वय अजून बसते त्याने सैन्यदलांचे प्रयत्न आधी करावेत आणि कर्जाचा अर्ज नंतर भरावा. उलट क्रमाने गेल्यास पहिला दरवाजा परत उघडत नाही.

आणि कोणत्याही मार्गाने जावयाचे ठरले, तरी पहिला खर्च उड्डाणाचा नसावा, डॉक्टरांचा असावा. व्यावसायिक परवान्यासाठी महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून आधी दुय्यम वर्गाची आणि नंतर प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. डोळे, कान, हृदय यांत एखादा दोष असा निघतो की जो माणसाला जन्मभर जाणवलेलाही नसतो. लाल आणि हिरवा यांतील फरक नीट न कळणे हा त्यांतलाच एक, आणि तो परवान्याच्या आड येऊ शकतो. लाखो रुपये भरून झाल्यावर, वीसपंचवीस तास उडून झाल्यावर हे कळलेले विद्यार्थी अधूनमधून भेटतात. वास्तविक ही तपासणी संस्थेत नाव घालण्यापूर्वी करून घेता येते, आणि तिचा खर्च हवेतील एका तासापेक्षाही कमी असतो.